खातेवहीतून संगणकात : विकास सोसायट्यांच्या हिशेबाचे स्थलांतर

खेड्यातील शेतकऱ्याच्या आर्थिक जीवनात प्राथमिक कृषी पतपुरवठा सहकारी संस्थेचे, म्हणजे गावोगावी 'विकास सोसायटी' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे, स्थान फार मोलाचे आहे. पेरणीच्या तोंडावर मिळणारे पीककर्ज, खताची गोणी, बियाणे आणि काही गावांत रास्त भावाचे धान्यही ह्याच संस्थेच्या दारातून घरोघर पोहोचते. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने देशात ज्या चळवळीची पायाभरणी झाली, तिचा अगदी शेवटचा आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा दुवा म्हणजे ही संस्था होय. महाराष्ट्रात अशा वीस हजारांहून अधिक संस्था आहेत.

ह्या संस्थांचा सारा कारभार पिढ्यान् पिढ्या कापडी बांधणीच्या जाड वह्यांवर चालत आला. रोजकीर्द, खातेवही, सभासद नोंदवही, कर्जरोखे आणि पावतीपुस्तके हेच संस्थेचे दप्तर. सभासदाने भरलेला रुपया कोणत्या दिवशी, कोणत्या खात्यात जमा झाला ह्याचा पुरावा ह्या दप्तराच्या पानावर सचिवाच्या हस्ताक्षरात असे. आता हे दप्तर संगणकात जात आहे. सभासदाच्या नावापुढे कागदावर असलेली शिल्लक एकदा संगणकात गेली की पुढील व्याज, थकबाकी, सवलत आणि नवे कर्ज हे सर्व त्याच आकड्यावरून ठरू लागते. म्हणूनच जुना हिशेब नव्या प्रणालीत भरण्याचे काम, ज्यास संगणकाच्या परिभाषेत माहितीची 'आयात' म्हणतात, हे केवळ टंकलेखनाचे काम नाही. ते हिशेबाचे काम आहे आणि त्याहूनही अधिक ते न्यायाचे काम आहे.

संगणकीकरणाची पार्श्वभूमी

ग्रामीण सहकारी पतव्यवस्था त्रिस्तरीय आहे. तळाशी गावची संस्था, तिच्या वर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि शिखरावर राज्य सहकारी बँक अशी ही रचना असून तिला राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेचे, म्हणजेच १९८२ मध्ये स्थापन झालेल्या नाबार्डचे, पुनर्वित्त मिळते. प्रा. ए. वैद्यनाथन ह्यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने २००५ मध्ये सादर केलेल्या अहवालात ह्या व्यवस्थेच्या दुखण्यांचे निदान केले आणि आर्थिक पुनरुज्जीवनाबरोबरच समान हिशेबपद्धती व संगणकीकरण ह्यांचाही आग्रह धरला. प्रत्येक संस्थेने आपापल्या रीतीने हिशेब ठेवला, तर त्यांची तुलना करता येत नाही व दोषही वेळीच लक्षात येत नाहीत, हा त्यामागील विचार होता.

जुलै २०२१ मध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन झाले. त्यानंतर २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहारविषयक समितीने देशातील सुमारे ६३,००० प्राथमिक संस्थांच्या संगणकीकरणाच्या प्रकल्पास मान्यता दिली. त्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद ठरविण्यात आली आणि पुढे संस्थांची संख्याही वाढविण्यात आली. सर्व संस्थांसाठी एकच राष्ट्रीय संगणक प्रणाली, नाबार्डमार्फत तिची अंमलबजावणी आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण ही ह्या प्रकल्पाची प्रमुख अंगे होत. त्यांच्या जोडीला आणखी एक अंग आहे व ते सर्वांत कष्टाचे आहे : संस्थांच्या जुन्या हिशेबांचे नव्या प्रणालीत स्थलांतर.

आयात म्हणजे नेमके काय?

हिशेबाच्या कोणत्याही संगणक प्रणालीत दोन प्रकारची माहिती असते. पहिली स्थायी माहिती : सभासदांची नावे, सभासद क्रमांक, खात्यांची नावे, कर्जाचे प्रकार, व्याजाचे दर, विक्रीच्या मालाची नावे व मोजमापे. दुसरी व्यवहारांची माहिती : कोणत्या दिवशी किती रक्कम कोणत्या खात्यात नावे पडली व कोणत्या खात्यात जमा झाली. स्थायी माहिती हे घराचे चौकट-वासे, तर व्यवहार हे घरातील रोजचे येणे-जाणे. चौकट उभी राहिल्याशिवाय घरात वावर होऊ शकत नाही. त्याचप्रमाणे खाते अस्तित्वात आल्याशिवाय त्यावर व्यवहार नोंदता येत नाही. म्हणून आयातीचा क्रम असा असतो : प्रथम खाती व सभासद, नंतर त्यांच्या आरंभीच्या शिल्लका आणि अखेरीस व्यवहार.

हा नियम केवळ सहकारी संस्थांपुरता नाही. १९८० च्या दशकात भारतातच तयार झालेली आणि आज गावोगावच्या दुकानदारांपासून कारखानदारांपर्यंत वापरात असलेली 'टॅली' ही व्यापारी हिशेबप्रणाली घेतली, तरी तिच्यातही हाच क्रम पाळावा लागतो. आयात करावयाच्या पत्रकात एखाद्या खात्याचे नाव प्रणालीतील नावापेक्षा एका अक्षराने जरी वेगळे असले, तरी प्रणाली ते खाते ओळखत नाही. 'खत विक्री' आणि 'खतविक्री' ही माणसाला एकच वाटणारी नावे यंत्राला दोन वाटतात. माणूस अर्थ वाचतो. यंत्र केवळ अक्षरे जुळवते.

आयातीसाठी प्रणालीकडून एक ठरावीक नमुना दिला जातो. त्यात कोणत्या रकान्यात कोणती माहिती भरावी हे निश्चित असते. जुन्या वहीतील कोणता रकाना नव्या नमुन्यातील कोणत्या रकान्यास जोडावयाचा, हे ठरविणे ही आयातीची पहिली पायरी होय. येथे झालेली चूक सर्व सभासदांच्या बाबतीत एकाच वेळी होते, म्हणून हे काम एकट्या संगणकचालकावर न सोपविता हिशेब जाणणाऱ्या सचिवाने त्याच्या शेजारी बसून करावयास हवे.

मुद्दल व व्याज वेगळे ठेवण्याचे महत्त्व

ह्याचे एक साधे उदाहरण पाहता येईल. समजा, एका सभासदाकडे ६०,००० रुपये मुद्दल व ४,८०० रुपये व्याज येणे आहे. वहीच्या अखेरच्या रकान्यात दोहोंची बेरीज ६४,८०० रुपये अशी मांडलेली आहे. घाईत ही बेरीजच 'मुद्दल' ह्या रकान्यात भरली गेली, तर बेरजेत एका पैशाचाही फरक दिसणार नाही आणि ताळेबंदही बिनबोभाट जुळेल. परंतु पुढील वर्षी द. सा. द. शे. ७ दराने आकारणी होताना ती ६०,००० रुपयांवर न होता ६४,८०० रुपयांवर होईल आणि त्या सभासदाकडून ३३६ रुपये अधिक मागितले जातील. रक्कम लहान वाटेल, पण ती व्याजावर आकारलेले व्याज आहे आणि दोनशे सभासदांच्या गावात अशी चूक दोनशे वेळा होते. म्हणून मुद्दल, व्याज, चालू बाकी व थकबाकी, तसेच पीककर्ज व मध्यम मुदतीचे कर्ज ह्यांची फोड वहीतच करून घेणे आणि मगच ती पत्रकावर उतरविणे आवश्यक ठरते.

तारीख, आकडे आणि अक्षरे

आयातीत होणाऱ्या चुकांपैकी सर्वांत फसवी चूक तारखेची असते. आपल्याकडे प्रथम दिवस, नंतर महिना व शेवटी वर्ष असे लिहितात. काही संगणकांची मांडणी मात्र अमेरिकन पद्धतीची, म्हणजे प्रथम महिना व नंतर दिवस अशी असते. एखाद्या सभासदाने ७ मार्च २०२४ रोजी कर्ज फेडले व पत्रकात ते ०७/०३/२०२४ असे लिहिले गेले, तर अशा संगणकाला तो ३ जुलै वाटतो. परतफेडीची मुदत ३१ मार्च असेल, तर मुदतीपूर्वी कर्ज फेडणारा हा सभासद संगणकाच्या लेखी थकबाकीदार ठरतो आणि वेळेवर परतफेड करणाऱ्यास मिळणारी व्याजसवलत त्याच्या हातून जाते.

ह्यातील विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, २५/०३/२०२४ ह्यासारख्या तारखेला यंत्र अडते, कारण पंचविसावा महिना अस्तित्वात नाही. महिन्याच्या १ ते १२ तारखांचे व्यवहार मात्र निमूटपणे चुकीच्या महिन्यात जातात. त्यामुळे काही नोंदी नाकारल्या गेल्या आणि काही स्वीकारल्या गेल्या, तर नाकारलेल्या तेवढ्याच दुरुस्त करून थांबणे धोक्याचे आहे. स्वीकारल्या गेलेल्या नोंदींतच खरी चूक दडलेली असू शकते.

आकड्यांचीही अशीच काळजी घ्यावी लागते. संगणकाच्या कोष्टक-पत्रकात '००४७' हा सभासद क्रमांक लिहिला की पत्रक तो '४७' करून टाकते. बँक खात्याचा क्रमांक सोळा आकडी असेल, तर पत्रक त्यास संख्या समजते व पंधरा आकड्यांपलीकडचा आकडा शून्य करून ठेवते. म्हणून सभासद क्रमांक, खाते क्रमांक व आधार क्रमांक हे 'संख्या' म्हणून न भरता 'मजकूर' म्हणून भरावयाचे असतात. ज्यांची बेरीज-वजाबाकी करावयाची नसते ते क्रमांक. ते दिसावयास आकडे असले तरी वास्तविक ती नावेच होत. रकमा लिहिताना १,२५,००० असे स्वल्पविराम देण्याची आपली रीत वाचण्यास सोयीची आहे. परंतु स्वल्पविरामानेच रकाने वेगळे करणाऱ्या फायलीत ही एकच रक्कम तीन रकान्यांत फुटते आणि तिच्या पुढची सर्व माहिती दोन घरे पुढे सरकते. म्हणून आयातीच्या पत्रकात रक्कम सलग लिहावी.

मराठी अक्षरांचा प्रश्न तर अनेक संस्थांत नव्याने उभा राहिला आहे. ज्या संस्थांनी पूर्वीच संगणक घेतला होता, त्यांच्या याद्या बहुधा श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या मुद्राक्षरांत आहेत. ह्या मुद्राक्षरांत पडद्यावर मराठी दिसत असले, तरी आत साठविलेले संकेत इंग्रजी अक्षरांचेच असतात. अशी यादी नव्या प्रणालीत नेली की सभासदाच्या नावाच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. नव्या प्रणाली युनिकोड ही जागतिक संकेतपद्धती वापरतात. तेव्हा जुनी यादी प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करणे व रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या डोळ्यांनी तपासणे हाच उपाय आहे.

नावांच्या बाबतीत आणखी एक अडचण ग्रामीण भागातच विशेष जाणवते. एकाच गावात एकाच आडनावाची, एकाच नावाची आणि क्वचित वडिलांचेही नाव तेच असलेली दोन माणसे असतात. उलट एकाच माणसाचे नाव सातबारावर एक, आधारपत्रावर दुसरे आणि संस्थेच्या वहीत तिसरे, अशीही स्थिती आढळते. म्हणून सभासदाची ओळख नावाने नव्हे, तर सभासद नोंदवहीतील क्रमांकानेच पटविली पाहिजे. वारलेल्या सभासदाच्या खात्यावर वारसाचे व्यवहार चालू असल्यास आयातीपूर्वीच वारसनोंद पूर्ण करून घेणे श्रेयस्कर, कारण यंत्रात गेलेले मृताचे नाव पुढे प्रत्येक मागणीपत्रावर उमटत राहते.

जी संस्था खते-बियाणे विकते, तिला मालाच्या शिल्लकेचीही आयात करावी लागते. येथे मोजमाप महत्त्वाचे ठरते. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती. २०१८ पासून ती ४५ किलोची झाली. जुन्या परिमाणानुसार २०० गोण्यांची शिल्लक किलोत भरली, तर १०,००० किलो माल दिसेल. गोदामात प्रत्यक्षात ९,००० किलोच असेल. पुढे हजार किलोंची ही तूट गोदामपालाच्या माथी येईल.

आरंभीची शिल्लक व तेरीज

आयातीसाठी एक निश्चित दिवस ठरवावा लागतो. त्या दिवसअखेरचा हिशेब वहीत पुरा करावयाचा व दुसऱ्या दिवसापासून संगणकात लिहावयाचे, असा हा उंबरठा असतो. आर्थिक वर्षाची अखेर, म्हणजे ३१ मार्च, हा त्यासाठी सर्वांत सोयीचा दिवस होय, कारण त्या दिवसाचे ताळेबंद लेखापरीक्षकाच्या नजरेखालून गेलेले असतात.

उंबरठ्याच्या दिवसाची तेरीज जुळली पाहिजे हे सर्वांस ठाऊक असते. परंतु तेवढ्याने भागत नाही. मुख्य खातेवहीत 'सभासदांकडील कर्ज येणे' असे जे एकच खाते असते, त्याची शिल्लक आणि प्रत्येक सभासदाच्या वैयक्तिक शिल्लकांची बेरीज ह्यांचाही मेळ बसला पाहिजे. समजा, मुख्य खात्यावर ८६,४०,००० रुपये येणे दिसते आणि २१२ सभासदांच्या शिल्लकांची बेरीज ८६,१३,००० रुपये येते. फरक २७,००० रुपयांचा आहे. जुन्या हिशेबनिसांना ठाऊक असलेली एक युक्ती येथे उपयोगी पडते. फरकास ९ ने नि:शेष भाग जात असेल, तर कोठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली असल्याचा संभव असतो. २७,००० ला ९ ने भाग जातो. तेव्हा शोध घ्यावयाचा तो अशा खात्याचा, जेथे ६३,००० च्या ऐवजी ३६,००० असे लिहिले गेले आहे. तसेच तेरजेच्या दोन बाजूंत फरक पडला, तर त्या फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधून पाहावी. ८,५०० रुपयांची शिल्लक जमेऐवजी नावे बाजूस पडली असेल, तर फरक १७,००० रुपयांचा दिसतो. हे सारे अंकगणित प्राथमिक शाळेतील आहे, परंतु त्याच्या आधारे तासांचे काम मिनिटांत होते. गावातील शिक्षकांना वरच्या वर्गातील मुलांसाठी ह्यातून उत्तम व्यवहारी उदाहरणे घेता येतील.

फरक सापडत नसला की तो 'उचंत खात्या'त टाकून पुढे जाण्याचा मोह होतो. काही प्रणाली तर आरंभीच्या शिल्लकांतील फरक स्वत:च ताळेबंदात वेगळ्या ओळीत दाखवितात आणि काम पुढे चालू देतात. ही सोय फरक शोधण्यासाठी आहे, तो पुरून ठेवण्यासाठी नव्हे. वहीत न सापडलेला फरक यंत्रात गेल्यावर सापडणे अधिकच कठीण होते, कारण मग त्याच्यावर नव्या व्यवहारांचे थर चढत जातात.

अनिष्ट तफावतीचा प्रश्न

सहकारी पतपुरवठ्याशी परिचय असलेल्यांस 'अनिष्ट तफावत' हा शब्द नवा नाही. संस्था जिल्हा बँकेकडून कर्ज घेते व ते सभासदांना देते. त्यामुळे संस्थेचे बँकेस देणे जितके असेल, निदान तितके तरी सभासदांकडून येणे असावयास हवे. बँकेचे देणे ८६ लाख रुपये आणि सभासदांकडून येणे ७९ लाख रुपये असेल, तर मधल्या ७ लाखांना कोणीही धनी उरत नाही. हीच अनिष्ट तफावत. तिची कारणे अनेक असतात. वसूल झालेली रक्कम वेळेवर बँकेत न भरता संस्थेच्या खर्चासाठी वापरली जाते. बँक आलेला भरणा प्रथम व्याजात जमा करते, तर संस्था तो सभासदाच्या मुद्दलात जमा धरते. क्वचित प्रसंगी ह्यामागे अपहारही असतो.

माहितीची आयात करताना ही तफावत लख्खपणे उघडी पडते, कारण सभासद, संस्था व बँक ह्यांचे हिशेब प्रथमच एका चौकटीत शेजारी-शेजारी येतात. वास्तविक संगणकीकरणाचा हा मोठाच लाभ मानला पाहिजे. मात्र जुळवाजुळवीच्या दडपणाखाली ही तफावत सभासदांच्या खात्यांवर वाटून टाकली गेली, तर त्याहून मोठा अन्याय नाही. ज्याने कर्ज फेडून पावती घेतली, त्याच्याच माथ्यावर ते पुन्हा चढेल. तफावत जशी असेल तशीच, वेगळी व स्पष्ट, नव्या प्रणालीत गेली पाहिजे आणि तिची जबाबदारी निश्चित करण्याचे काम कायद्याने ठरविलेल्या मार्गानेच व्हावयास पाहिजे.

प्रत्यक्ष आयात : काही पथ्ये

पत्रके सिद्ध झाल्यावरही सर्व माहिती एकदम भरू नये. प्रथम प्रणालीची व पत्रकांची स्वतंत्र प्रत काढून ती सुरक्षित ठेवावी. नंतर दहा सभासदांची माहिती चाचणी म्हणून भरावी. हे दहा सभासद सोपे निवडू नयेत. त्यांत एक थकबाकीदार, एक दोन कर्जे असलेला, एक केवळ भागधारक, एक मृत सभासदाचा वारस व एक जोडाक्षरांचे नाव असलेला, असे सर्व नमुने असावेत. ह्या दहांची खाती वहीशी ताडून पाहिल्यावरच उरलेली माहिती भरावी.

पूर्ण आयातीनंतर तीन गोष्टी ताडून पाहाव्यात. पहिली, नोंदींची संख्या : पत्रकात २१२ सभासद असतील, तर प्रणालीतही २१२ च असले पाहिजेत. दुसरी, रकमांची बेरीज. तिसरी, सभासद क्रमांकांची बेरीज. ह्या तिसऱ्या बेरजेस हिशेबाच्या दृष्टीने काही अर्थ नाही. मात्र एखादा क्रमांक गळला किंवा बदलला असेल, तर ती बहुधा जुळत नाही, आणि हाच तिचा उपयोग. आयातीची आज्ञा चुकून दोनदा दिली गेली, तर काही प्रणालींत सर्व व्यवहार दोनदा नोंदले जातात. म्हणून प्रत्येक व्यवहारास वेगळा पावती क्रमांक असावा व एकच क्रमांक दुसऱ्यांदा न स्वीकारण्याची व्यवस्था प्रणालीत असल्यास ती चालू ठेवावी. आरंभीचे काही महिने वही व संगणक दोन्ही चालू ठेवून महिनाअखेर दोहोंचा मेळ घालणे हे कष्टाचे असले, तरी हिताचे आहे.

जुळलेली बेरीज आणि खरा हिशेब

येथपर्यंतची सर्व पथ्ये पाळली, सर्व बेरजा जुळल्या, तरीही एक चूक उरू शकते. दोन सभासदांच्या शिल्लकांची अदलाबदल झाली, म्हणजे एकाचे ४०,००० दुसऱ्याच्या नावावर व दुसऱ्याचे ९०,००० पहिल्याच्या नावावर गेले, तर संख्या जुळेल, बेरीज जुळेल, तेरीज जुळेल आणि बँकेशी मेळही बसेल. ही चूक कोणत्याही यंत्रास, कोणत्याही ताळ्यास पकडता येणार नाही. ती ओळखणारी माणसे दोनच : ज्याच्या नावावर जास्त पडले तो, आणि ज्याच्या नावावर कमी पडले तो.

म्हणून आयातीची शेवटची पायरी संगणकासमोर नव्हे, तर सभासदासमोर पार पडावयास हवी. प्रत्येक सभासदास त्याच्या मुद्दलाची, व्याजाची, भागांची व ठेवीची शिल्लक दाखविणारे पत्र मराठीत, सुवाच्य अक्षरांत द्यावे. ज्यास वाचता येत नाही त्यास ते वाचून दाखवावे व त्याची सही वा अंगठा घ्यावा. हरकत आल्यास पावती पाहून तिचा निर्णय करावा आणि तो निर्णय लेखी नोंदवावा. एकाचा हिशेब दुसऱ्यासमोर उघड न करता हे काम घरोघर वा ठरावीक दिवशी संस्थेच्या कार्यालयात करता येईल. संचालक मंडळाने अंतिम याद्यांवर स्वाक्षऱ्या करण्यापूर्वी किती सभासदांनी शिल्लक मान्य केली व किती हरकती उरल्या, ह्याची माहिती मागावी. येथे पंचायत सदस्य, शिक्षक व गावातील सुशिक्षित तरुण ह्यांना मोठी मदत करता येण्याजोगी आहे. शिल्लकपत्र समजावून सांगणे, जुन्या पावत्या शोधून त्या क्रमाने लावून देणे आणि एकट्या राहणाऱ्या वृद्ध सभासदापर्यंत पोहोचणे ह्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही.

जुने दप्तर ह्यानंतरही टाकाऊ ठरत नाही. आयात पूर्ण झाली म्हणून वह्या रद्दीत घालणे म्हणजे नव्या हिशेबाचा पुरावाच नष्ट करणे होय. कायद्याने ठरविलेल्या मुदतीपर्यंत आणि हरकती शिल्लक असतील तेथे त्यांचा निकाल लागेपर्यंत, हे दप्तर वाळवी व ओलीपासून जपून, अनुक्रमांक घालून कुलूपबंद ठेवावे.

संगणक हिशेब वेगाने करतो, व्याज अचूक आकारतो आणि मागितले ते पत्रक क्षणात देतो. मात्र त्यास जे दिले तेच तो सांभाळतो. चुकीची शिल्लकही तो तितक्याच निष्ठेने वर्षानुवर्षे वाढवीत नेतो. पूर्वी शंका आली तर सभासद सचिवासमोर वही उघडावयास सांगत असे. आता त्यास 'संगणकात असे दिसते' असे उत्तर मिळेल. ते उत्तर खरे ठरावे, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप आहे. वहीतील प्रत्येक आकडा उंबरठा ओलांडण्यापूर्वी त्याच्या धन्याच्या तोंडून 'होय, बरोबर आहे' असे वदवून घेतले, तर संगणकावर गावाचा विश्वास बसेल, आणि सहकाराचा पाया विश्वास हाच आहे.